ह्यूस्टन आणि हॅरिस काउंटीचं हवामान : इथे राहणाऱ्यांसाठी आणि येऊ घातलेल्यांसाठी

बायूकाठ

"तुमच्याकडे पावसाळा कधी असतो?" ह्यूस्टनला नोकरीसाठी येणाऱ्या, मुलांना इथल्या विद्यापीठात पाठवणाऱ्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न नेहमी येतो. इथे पावसाळा नावाचा ऋतूच नाही, हे त्याचं उत्तर. पण तेवढ्यावर कुणाचं भागत नाही आणि घर घेताना नेमकं इथेच लोक फसतात, म्हणून हा धागा काढते आहे.

टेक्सासातलं ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, येतं तिथे वर्षाला सरासरी ५१.८४ इंच पाऊस पडतो, म्हणजे १३१७ मिलिमीटर. हा आकडा बुश विमानतळावरच्या १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींचा आहे. पुण्याच्या दीडपटीहून बराच जास्त, मुंबईच्या निम्म्याच्या आसपास. आपल्याकडे हा सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो. इथे सगळ्यात कोरडा महिना फेब्रुवारी आणि त्यातही साधारण तीन इंच पडतो. सगळ्यात ओला जून, सहा इंचांचा. ऑक्टोबर साडेपाच इंच देऊन जातो. छत्री माळ्यावर टाकावी असा महिना वर्षात येत नाही.

याचं कारण दक्षिणेला आहे. गॅल्व्हस्टनचा किनारा शहराच्या मध्यापासून ५० मैलांवर. मेक्सिकोच्या आखाताचं पाणी कोमट, त्यावरून येणारी हवा बाष्पाने भरलेली, आणि ती जवळजवळ बारा महिने येतच असते. तिला वर उचलणारं काहीतरी मिळालं की पाऊस पडतो. हिवाळ्यात हे काम उत्तरेकडून उतरणारी थंड हवा करते, मे-जूनमध्ये वादळी ढगांच्या रांगा करतात, जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी समुद्रावरून आत शिरणारा वारा करतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात आखातातली चक्रीवादळं.

मोठ्या पुरांचे महिनेच बघा. डिसेंबर १९३५, ऑक्टोबर १९९४, जून २००१, मे २०१५, एप्रिल २०१६, ऑगस्ट २०१७, सप्टेंबर २०१९. यातून एखादा 'धोक्याचा महिना' काढून दाखवा! म्हणून माझं सांगणं असं की इथे नुसतं कॅलेंडर बघून उपयोग नाही. आपल्या घरावरचं पाणी कुठल्या बायूत जातं आणि तो बायू कुठे तुंबतो, हे आधी माहीत करून घ्या. बायू म्हणजे इथले संथ, मातकट ओढे. बफेलो, ब्रेज, व्हाइट ओक, सिम्स, ग्रीन्स, हॉल्स अशी त्यांची नावं. काउंटीत अशी वीसहून जास्त पाणलोट क्षेत्रं आहेत आणि पूर्वेला सॅन हासिंटो नदी.

जमीन सपाट आहे, मैलाला जेमतेम फूटभर उतार. माती चिकण. पाणी मुरतही नाही आणि वाहतही नाही, जिथे पडलं तिथेच रेंगाळतं.

बाकीच्यांनी आपापले अनुभव लिहा. मी ब्रेज बायूच्या बाजूला राहते, त्यामुळे माझं लिहिणं तिकडे झुकणार.

नवीघडी

अगदी वेळेवर धागा. आम्ही जूनमध्ये पुण्याहून येतोय. नवऱ्याचं ऑफिस एनर्जी कॉरिडॉरमध्ये आहे, त्यामुळे पश्चिमेला घर बघतोय. आधी एक वर्ष भाड्याने आणि मग विकत. एजंट म्हणतो, 'हे घर पूररेषेत नाही, काळजी नको.' यावर किती विसंबायचं?

केटीवाला

नवीघडी, अजिबात विसंबू नका. मी त्याच भागात राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एनर्जी कॉरिडॉरला लागून ॲडिक्स आणि बार्कर अशी दोन धरणं आहेत. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनी ह्यूस्टनचा मध्यभाग बुडवला, त्यानंतर लष्कराच्या अभियंत्यांनी ती बांधली. बार्कर १९४५ साली, ॲडिक्स १९४८ साली. धरण म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर खडकवासला येतं. इथे तसं काही दिसत नाही. मैलोन् मैल लांब मातीचा बांध आणि आत कोरडं रान, बागा, सॉकरची मैदानं. बफेलो बायूला पूर येऊ नये म्हणून पावसाचं पाणी तात्पुरतं अडवायचं आणि मग हळूहळू सोडायचं, एवढ्यासाठी ती बांधली. एरवी ती रिकामीच असतात.

गोची अशी की धरण काठोकाठ भरलं तर पाणी जिथवर पोचेल ती सगळी जमीन सरकारने तेव्हा विकत घेतली नाही. उरलेल्या जमिनीवर पुढे वसाहती झाल्या. म्हणजे ती घरं धरणाच्या पोटातच आहेत. पण सरकारी पूरनकाशात तो भाग 'शंभर वर्षांच्या' पूररेषेबाहेर दिसायचा, कारण तो नकाशा नदी-ओढ्यांच्या पुराचा. हार्वे चक्रीवादळात, ऑगस्ट २०१७ मध्ये, धरणं अशी भरली की वरच्या बाजूच्या या घरांत पाणी शिरलं. २८ ऑगस्टच्या पहाटे दरवाजे उघडल्यावर खालच्या बाजूला बफेलो बायूच्या काठची घरं बुडाली, ती कित्येक दिवस पाण्यातच होती. दोन्हीकडच्या लोकांनी सरकारवर दावे लावले.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला घर घेईपर्यंत कुणीही सांगितलं नव्हतं की आपण धरणाच्या आत घर घेतोय. आता २०१९ पासून टेक्सासात कायदा झालाय. घर विकणाऱ्याने पूर्वी पाणी शिरलं होतं का, घर पूररेषेत आहे का, धरणाच्या बुडीत क्षेत्रात आहे का, हे लिहून द्यावं लागतं. तो कागद मागा. एजंटच्या तोंडी आश्वासनापेक्षा तो मोलाचा आहे.

सांताक्रूझ_पूर्व

मी मुंबईतून लिहितोय, माझी बहीण ह्यूस्टनला आहे. २६ जुलै २००५ ला आमच्याकडे सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्याच दिवशी कुलाब्यात ७३! हार्वे यापेक्षा मोठा होता असं बहीण म्हणते. तुलना कशी करायची?

बायूकाठ

सांताक्रूझ_पूर्व, २४ तासांचा हिशेब केला तर २६ जुलै भारी आहे. ९४४ मिमी म्हणजे ३७ इंच आणि तेही बहुतांश दुपारनंतरच्या काही तासांत. हार्वेचा वेगळेपणा मुक्कामात आणि पसाऱ्यात होता. २५ ऑगस्टच्या रात्री ते रॉकपोर्टजवळ किनाऱ्यावर आलं आणि नंतर त्याला पुढे ढकलणारा वाराच वरच्या हवेत उरला नाही. ते तिथल्या तिथे घुटमळत राहिलं, आखातातून बाष्प ओढत राहिलं. चार दिवसांत साडेचार हजार चौरस किलोमीटरच्या अख्ख्या हॅरिस काउंटीवर सरासरी ३३ इंचांहून जास्त पाऊस. पूर्वेला जेफरसन काउंटीत नेदरलँड गावी ६०.५८ इंच, म्हणजे १५३९ मिमी. हॅरिस काउंटीत दीड लाखाहून जास्त घरांत पाणी गेलं.

तुमच्या सांताक्रूझ-कुलाब्यासारखं इथे घडलं ते २००१ साली, ॲलिसनच्या वेळी. काउंटीच्या ईशान्येला ग्रीन्स बायूवर १२ तासांत २८ इंच आणि काही मैलांवरच्या लोकांना नुसत्या सरी. ॲलिसन चक्रीवादळाच्या दर्जापर्यंत कधी पोचलंच नाही, ते नुसतं 'ट्रॉपिकल स्टॉर्म' होतं. बातम्यांत 'कॅटेगरी १', 'कॅटेगरी ४' ऐकून लोक घाबरायचं की नाही ते ठरवतात. ती श्रेणी फक्त वाऱ्याच्या वेगाची आहे, पाण्याबद्दल ती काहीच सांगत नाही. हार्वेसुद्धा ह्यूस्टनला बुडवत होतं तेव्हा त्याचा वारा कधीच उतरला होता.

रात्रपाळी

ॲलिसनचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी टेक्सास मेडिकल सेंटरमध्ये नर्स आहे, तेव्हा नवीन होते. ही सगळी हॉस्पिटलं ब्रेज बायूच्या शेजारी आणि एकमेकांना भुयारी वाटांनी, तळघरांनी जोडलेली. पाणी एका तळघरातून दुसऱ्यात गेलं. जनरेटर किंवा त्यांची विजेची जोडणी तळघरातच होती, त्यामुळे वीज गेल्यावर वरचे मजलेही अंधारात गेले. रुग्णांना जिन्यांवरून हातांनी उचलून खाली आणावं लागलं, काहींना हाताने अंबू बॅग दाबत श्वास द्यावा लागला. संशोधनाच्या प्रयोगशाळांतले हजारो प्राणी बुडाले, लोकांची वर्षानुवर्षांची कामं गेली.

त्यानंतर दारांना पाणी अडवणाऱ्या जाड पोलादी झडपा बसल्या, विजेची यंत्रणा वर हलवली गेली. हार्वेत बायू भरून वाहत असताना बहुतेक इमारती आतून कोरड्या राहिल्या. कामावर असलेल्यांना घरी जाता येत नव्हतं आणि घरच्यांना कामावर येता येत नव्हतं, हा त्रास झाला, पण हॉस्पिटल चालू होतं. पुरापासून शिकून केलेलं काम उपयोगी पडतं याचं हे उदाहरण मी प्रत्येकाला सांगते. 'इथे काहीच सुधारत नाही' हे म्हणणं मला पटत नाही.

वऱ्हाडी

पुराबद्दल सगळे लिहितात, मी उन्हाबद्दल लिहितो. अकोला-नागपूरचा ४५-४६ अंशांचा मे महिना अंगावर काढलेला माणूस मी. इथे ऑगस्टचं सरासरी कमाल तापमान ३५-३६ सेल्सियस आहे हे वाचून वाटलं, हे तर आपल्या घरचं. आल्यावर समजलं की हे प्रकरणच निराळं आहे.

विदर्भाचं ऊन कोरडं. घाम आला की उडतो, अंग गार होतं. ओल्या पंचाने, माठाने, कूलरच्या वाळ्याने भागतं. इथे हवा आधीच पाण्याने भरलेली, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं तो) २४-२५ सेल्सियसला टेकलेला. घाम उडतच नाही, नुसता निथळतो. कूलर इथे का विकत नाहीत याचंही हेच कारण. पाणी उडाल्याशिवाय कूलर गार करणार कसा? आणि रात्र सुटका करत नाही. पहाटेसुद्धा २४-२५ च्या खाली पारा जात नाही. शहराचं काँक्रीट रात्रभर उष्णता सोडत राहतं ते वेगळंच.

इथला विक्रम १०९ फॅरनहाइटचा, म्हणजे पावणेत्रेचाळीस सेल्सियस. सप्टेंबर २०००, ऑगस्ट २०११ आणि पुन्हा ऑगस्ट २०२३ मध्ये तो गाठला गेला. उन्हात काम करणाऱ्यांनी, संध्याकाळी क्रिकेट खेळणाऱ्यांनी तापमान न बघता 'हीट इंडेक्स', म्हणजे दमटपणा धरून अंगाला जाणवणारं तापमान, बघावा. सहा वाजलेत म्हणजे ऊन उतरलं असं इथे समजू नये. आपल्याकडून उन्हाळ्यात आलेल्या आईवडिलांना फिरायला न्यायचं तर सकाळी साडेसहा-सातला न्या, पाणी बरोबर ठेवा.

मातीबद्दल अजून एक. बायूकाठ यांनी चिकण माती म्हटलं. ती आपल्या काळ्या रानाच्याच जातकुळीतली आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. फरक एवढा की इथे लोक त्या मातीवर काँक्रीटचा स्लॅब टाकून घर बांधतात. कोरड्या उन्हाळ्यात माती आकसली की स्लॅब हलतो, भिंतीला तिरकी चीर जाते, दारं अडकतात. म्हणून लोक घराच्या पायाभोवती झिरपणारा पाइप टाकून पायाला पाणी देतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला फार नवल वाटलं होतं.

पारिजातक

बागेवाल्यांसाठी थोडं. इथलं वर्ष बागेला फार मानवतं, फक्त आपलं वेळापत्रक उलटं करावं लागतं.

मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा ऑक्टोबर ते मार्च. एप्रिलनंतर कोथिंबीर पेरलीत तर पानांऐवजी फुलंच येतील. टोमॅटोची रोपं फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला, कारण जूनमध्ये रात्री तापल्या की फळ धरत नाही. भेंडी, गवार, चवळी, दुधी, तोंडली, आळू यांना मात्र इथला मे ते सप्टेंबर म्हणजे माहेर. आळू तर आवरावा लागतो.

कढीपत्ता, मोगरा, शेवगा लावायचा तर हिवाळ्याची धास्ती ठेवा. जानेवारीत सरासरी किमान तापमान ६-७ सेल्सियस असतं, त्यात ही झाडं निभावतात. पण वर्षातून काही रात्री शून्याखाली जातात. कढीपत्ता कुंडीत ठेवून आत घेणं उत्तम. जमिनीतला शेवगा वरून जळतो, बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर दिला असेल तर मार्च-एप्रिलमध्ये मुळातून फुटतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये माझी लिंबाची दोन झाडं गेली, शेवगा परत आला.

मार्चचं विसरू नका. अझालिया फुलतात, गावाबाहेर रस्त्याच्या कडेला ब्लूबॉनेट, हवा सुरेख. आणि त्याच महिन्यात ओकचे पिवळे परागकण गाड्यांवर, ओसरीवर, नाकात. ज्यांना कधी ॲलर्जी नव्हती त्यांनाही इथे दोन-तीन वर्षांत सुरू होते.

नवीघडी

फेब्रुवारी २०२१ चं ऐकून होते. एवढ्या गरम गावात इतकी थंडी कशी काय? आणि हिवाळ्याचे कपडे आणायचे का?

बायूकाठ

नकाशा घेऊन बघा. ह्यूस्टनचा अक्षांश जवळजवळ हरिद्वारचा आहे. पण हरिद्वारच्या डोक्यावर हिमालय आहे, उत्तर ध्रुवाकडची हवा तो थोपवतो. इथून सरळ वर कॅनडापर्यंत गेलात तरी आडवा डोंगर नाही. ती हवा निघाली की मैदानांवरून घसरत थेट आखातापर्यंत येते. टेक्सासात तिला 'नॉर्दर' म्हणतात. दुपारी शॉर्ट्समध्ये फिरत असता आणि तासाभरात उत्तरेचा वारा सुटून पारा १०-१५ सेल्सियसने उतरतो. डिसेंबर-जानेवारीत असं दर आठवड्या-दोन आठवड्यांनी होतं. मग दोन दिवस निळं आभाळ, कोरडी हवा आणि परत दक्षिणेचा दमट वारा. म्हणून एक बरा जाडजूड कोट आणाच, बाकी स्वेटरवर भागेल.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ही थंडी नुसतीच शिवून गेली नाही, ठाण मांडून बसली. बुश विमानतळावर १३ फॅरनहाइट, म्हणजे उणे साडेदहा सेल्सियस. अख्ख्या राज्यात विजेची मागणी वाढली आणि त्याच वेळी गॅसच्या वाहिन्या, वीजकेंद्रं गोठून बंद पडली. लाखो घरं कित्येक तास, काही दिवस अंधारात. राज्याच्या अधिकृत मोजणीत २४६ माणसं गेली. काही थंडीने, काही बंद घरात ऊब मिळवायला पेटवलेल्या शेगडीच्या, गॅरेजमध्ये चालू ठेवलेल्या गाडीच्या विषारी वायूने. गाडी, जनरेटर, कोळशाची शेगडी यातलं काहीही घरात किंवा गॅरेजमध्ये चालवू नका, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

इथल्या कित्येक घरांत पाण्याचे पाइप माळ्यावरून गेलेले असतात आणि माळा बाहेरच्याइतकाच थंड होतो. ते फुटले की पाणी छतातून बेडरूममध्ये. तुमच्या घराचा पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, तो कसा बंद करायचा, हे घरात पाऊल टाकल्याच्या पहिल्या आठवड्यात बघून ठेवा.

जुनापाऊस

मी १९७९ पासून इथे आहे, अलिशिया ते बेरिल सगळी चक्रीवादळं बघितली. तरुण मंडळींना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते, ती लिहितो.

या काउंटीचा पूर्व भाग खचलेला आहे. कारखान्यांना आणि गावांना लागणारं पाणी दशकानुदशकं जमिनीतून उपसलं, तेव्हा खालचे मातीचे थर दबले आणि वरची जमीन बसली. शिप चॅनलच्या, म्हणजे बंदराकडे येणाऱ्या जहाजांच्या वाटेच्या, बाजूला काही ठिकाणी दहा फुटांपर्यंत. बेटाउनमध्ये ब्राउनवूड नावाची खाडीकाठची टुमदार वसाहत होती, तेलकंपन्यांचे साहेब राहायचे. जमीन खचत गेली तशी साध्या भरतीचं पाणीही अंगणात येऊ लागलं. १८ ऑगस्ट १९८३ ला अलिशियाने ती पार धुऊन नेली. लोकांना परत राहू दिलं नाही. आज तिथे पक्षी बघायला जातात, निसर्गकेंद्र केलंय. उपशावर लगाम घालायला १९७५ साली वेगळी संस्थाच स्थापन झाली. त्यामुळे पूर्वेकडचं खचणं थांबल्यात जमा आहे, पण वायव्येकडे जिथे भूजलावर नव्या वसाहती वाढल्या तिथे ते सुरू झालं.

म्हणून मला 'हवामान बदललं म्हणून पूर येतात' एवढंच म्हणणं अपुरं वाटतं. पश्चिमेकडच्या केटी गावाच्या बाजूचं गवताळ माळरान आम्ही बघितलंय. तिथे पाणी साचायचं, बदकं उतरायची, भाताची शेतं होती. त्यावर घरं आणि पार्किंग झालं. पाण्याची जागा आपण घेतली.

केटीवाला

जुनापाऊस काका, तुमच्याशी अर्धा सहमत. काँक्रीटमुळे रोजचे पूर वाढले, हे खरं. पण हार्वेइतका पाऊस माळरानावर पडला असता तरी ते माळरान दुसऱ्या दिवशी तुडुंब भरून पुढचं पाणी तसंच सोडणार होतं. ही चिकण माती एकदा भिजली की काँक्रीटसारखीच वागते. आणि आखाताचं तापलेलं पाणी दुर्लक्षून कसं चालेल? हार्वेनंतर झालेल्या अभ्यासांत तापमानवाढीमुळे त्याचा पाऊस साधारण १५ टक्क्यांनी वाढला असं निघालं, काहींत तर त्याहून जास्त.

सरकारी हवामान खात्याने २०१८ साली पावसाचे नवे मापदंड काढले. हॅरिस काउंटीसाठी 'शंभर वर्षांचा' २४ तासांचा पाऊस पूर्वी १३ इंच धरत, तो आता १८ इंचांच्या आसपास आहे. जुन्या १३ इंचांवर बांधलेली गटारं, तळी, घरांची जोती आपण वापरतोय, दुखणं हे आहे. आणि 'शंभर वर्षांचा पूर' म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा नव्हे. दर वर्षी एक टक्का शक्यता, असा त्याचा अर्थ. ब्रेज बायूच्या काठच्या मायरलँड वस्तीत २०१५, २०१६, २०१७ असे लागोपाठ तीन वर्षं पाणी शिरलं.

जुनापाऊस

मापदंडाचं म्हणणं मान्य. आमच्या वेळी कुणी विचारतच नव्हतं. २५ ऑगस्ट २०१८ ला, हार्वेला बरोब्बर वर्ष झालं त्या दिवशी, अडीच अब्ज डॉलरच्या पूरनियंत्रण कर्जरोख्यांना इथल्या मतदारांनी ८५ टक्के मतं देऊन मंजुरी दिली. कर वाढणार हे माहीत असून दिली. मीही दिलं.

मोदकपात्र

तारखेवरून आठवलं, म्हणून खास आपल्या लोकांसाठी. २५ ऑगस्ट २०१७ ला गणेश चतुर्थी होती. सकाळी प्राणप्रतिष्ठा झाली आणि रात्री हार्वे किनाऱ्यावर आलं. आमच्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन आम्ही घरातच बादलीत केलं, आरतीला घरातलेच चौघे. प्रसादाचं पुरण, नारळ, सगळं घरात भरून ठेवलेलं होतं, ते पुढचे दिवस शेजारच्या तीन कुटुंबांना पुरलं. त्यात एक व्हिएतनामी आजी होत्या, त्यांना उकडीचे मोदक इतके आवडले की अजून दर वर्षी विचारतात. २००८ साली आइक १३ सप्टेंबरला आलं आणि दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी!

चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर आणि त्याचं शिखर १० सप्टेंबरच्या आसपास. म्हणजे आपला भाद्रपद. इथे सार्वजनिक कार्यक्रमाचा हॉल ठरवताना तारीख पुढे ढकलता येईल अशी अट करारात घालून घ्या. आणि श्रावण-भाद्रपदात भारतातून आईवडील येणार असतील तर त्यांची औषधं महिनाभर जास्त असू द्या. पुरानंतर औषधांची दुकानं लगेच उघडत नाहीत.

वऱ्हाडी

विजेचंही लिहा कुणीतरी. ८ जुलै २०२४ चं बेरिल तर फक्त 'कॅटेगरी १' होतं. पण झाडं तारांवर पडली आणि ह्यूस्टन परिसरात बावीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, कित्येकांची आठवडाभर. जुलैच्या उकाड्यात. त्याआधी १६ मेच्या संध्याकाळी सरळ रेषेत सुटलेल्या वाऱ्याने डाउनटाउनच्या उंच इमारतींच्या काचा उडवल्या होत्या, त्याचं नाव चक्रीवादळांच्या यादीत कुठेच नाही. आमच्या घरी दोन महिन्यांत दोनदा फ्रीज रिकामा करावा लागला. बॅटरीवरचा पंखा, फोन चार्ज करायची पॉवर बँक, साधा गॅसचा स्टोव्ह, पण घराबाहेर वापरायला, एवढं तरी घरात असू द्या.

रात्रपाळी

गाडी चालवणाऱ्यांसाठी : इथले रस्ते मुद्दामच पाणी साठवण्यासाठी खोलगट केलेले असतात. गटारं भरली की पाणी घरात जाण्याआधी रस्त्यावर थांबावं, अशी ती रचना. म्हणून जोराच्या पावसात रस्ता भरला की घाबरू नका, पण गाडीही काढू नका. फ्रीवेखालचे बोगदे सगळ्यात वाईट. तिथे खांबांवर फुटांच्या खुणा रंगवलेल्या दिसतील. रात्री त्या दिसत नाहीत आणि पाणी काळं दिसतं, रस्त्यासारखंच. ॲलिसन असो, हार्वे असो, गाडीत अडकून गेलेली माणसं आमच्याकडे प्रत्येक वेळी आली.

नवीघडी

एवढं वाचून सामान बांधायचं थांबवावं असं क्षणभर वाटलं! पण आता नेमके प्रश्न विचारता येतात. (१) चक्रीवादळ येतंय म्हटल्यावर शहर सोडून जायचं का? (२) भाड्याच्या घरात पुराचा विमा घेता येतो का?

बायूकाठ

(१) सगळ्यांनी जायचं नसतं. काउंटीने पिनकोडनुसार भाग पाडलेत. समुद्राचं पाणी चढून येतं तो आग्नेयेकडचा, खाडीजवळचा भाग आधी रिकामा करतात. तुम्ही पश्चिमेला असाल तर तो आदेश तुम्हाला बहुतेक लागू नसेल. सप्टेंबर २००५ मध्ये रिटाच्या वेळी, कॅटरिना नुकतंच होऊन गेल्यामुळे, गरज नसलेलेही लाखो लोक एकदम निघाले. डॅलसच्या वाटेवर वीस-वीस तास गाड्या उन्हात उभ्या होत्या. शंभराच्या आसपास माणसं त्या पळापळीत गेली, वादळाने नव्हे. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी एक बस पेटून २३ जण गेले. आदेश असेल तर लगेच निघा, नसेल तर घरात राहून रस्ता इतरांना मोकळा ठेवा. ऑक्सिजन, डायलिसिस असं काही घरात असेल तर मात्र आदेशाची वाट न बघता आधीच नातेवाइकांकडे जा.

(२) हो, घेता येतो. घरमालकाचा विमा त्याच्या इमारतीचा असतो, तुमच्या सामानाचा नाही. आणि नेहमीच्या रेंटर्स पॉलिसीत पूर येत नाही. राष्ट्रीय पूरविमा योजनेतून भाडेकरू फक्त सामानाचा विमा घेऊ शकतात, एक लाख डॉलरपर्यंत. घर विकत घेतल्यावर इमारतीचा अडीच लाखांपर्यंत. पॉलिसी घेतल्यापासून साधारणपणे ३० दिवसांनी ती लागू होते, वादळ आखातात दिसल्यावर धावून उपयोग नाही. तुम्ही जूनमध्ये येताय, तर करार होताच घ्या. पूररेषेबाहेर असाल तर हप्ता बहुधा हलका असतो. हार्वेत पाणी शिरलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांकडे पुराचा विमा नव्हता, कारण त्यांनाही 'तुम्ही पूररेषेत नाही' असंच सांगितलेलं होतं. गाडीच्या विम्यात 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' भाग असेल तर पुराचं नुकसान त्यात येतं, तो कमी करून पैसे वाचवू नका. अपार्टमेंट घेताय तर दुसरा मजला बघा आणि पार्किंग तळघरात नाही ना ते विचारा.

घर नक्की होण्याआधी हॅरिस काउंटीच्या 'फ्लड वॉर्निंग सिस्टिम'च्या नकाशावर पत्ता घालून बघा. जवळचं पर्जन्यमापक आणि बायूची पातळी कुठल्याही क्षणी दिसते, मागच्या पुरांचे आकडेही मिळतात. पत्ता ठरला की फक्त बायूचं नाव इथे टाका. त्या काठावर राहणारं आपल्यापैकी कुणी ना कुणी असेलच, हार्वेत आणि २०१६ च्या एप्रिलात तिथे पाणी कुठवर आलं होतं ते ते सांगतील.

केटीवाला

आणि बार्करच्या बाजूचं घर असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. बांधापासून किती आत आहे आणि जोत्याची उंची किती, हे दोन्ही आपण नकाशावर मिळून बघू.